जुन्या गाडीच्या ब्रेकचे मूळ भाग कसे ओळखावेत

बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फेरी मारली, की एखाद्या ताडपत्रीवर व्हील सिलिंडरांचा (ब्रेक ऑइलच्या दाबानं चाकातला ब्रेक लावणाऱ्या नळकांड्यांचा) ढीग दिसतोच. काही गंजलेले, काही तेलकट, काहींवर ताजा काळा रंग. विकणारा सांगतो, "घ्या, ओरिजिनल आहे." तो फसवतोच असं नाही. त्याच्या लेखी जे गाडीला बसतं ते ओरिजिनल. ब्रेकच्या बाबतीत मात्र नुसतं बसणं पुरत नाही.

माझ्या मॉरिस मायनरला पुढच्या प्रत्येक चाकात दोन सिलिंडर आहेत. डावीकडचा एक खराब झाला म्हणून तसाच दिसणारा दुसरा आणून बसवला. बोल्ट बसले, पाइप बसला, गळती नाही. पण लॉ कॉलेज रस्त्यावर ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढायची. पुन्हा खोलून व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला, तेव्हा नव्या सिलिंडरचं भोक जवळपास दीड मिलिमीटरनं लहान निघालं. त्या दिवसापासून मी डोळ्यांवर आणि खोक्यावरच्या छपाईवर विश्वास ठेवणं सोडलं.

आधी गाडी ओळखा

चॅसिस नंबर आणि उत्पादनाचं वर्ष वहीत लिहून ठेवा. "मॉरिसचे ब्रेक द्या" एवढ्या मागणीला अर्थ नाही, कारण १९६२ मध्ये १०९८ सीसीचं इंजिन आलं तेव्हा मायनरचे पुढचे ड्रम (चाकाबरोबर फिरणारे, ब्रेक आतून घासतो ते गोल डबे) ७ इंचांवरून ८ इंचांवर गेले आणि मागचे ७ इंचीच राहिले. अँबॅसडर तर २०१४ पर्यंत बनत होती, तेव्हा "अँबॅसडरचा मास्टर सिलिंडर" (पेडलनं चालणारा मुख्य सिलिंडर) म्हटलं तर कोणत्या काळातला, हा प्रश्न उरतोच. शिवाय साठ वर्षांत आधीच्या मालकांनी काय काय बदललं असेल, हे गाडीच्या पुस्तकात नसतं. म्हणून पुस्तक आणि प्रत्यक्ष माप दोन्ही हवं.

एकावेळी एकच चाक खोला

दुसऱ्या बाजूचं चाक जोडलेलं राहू द्या. स्प्रिंग कोणत्या भोकात होती, हँडब्रेकचा लिव्हर कसा होता, हे विसरलात की तिथे पाहता येतं. फक्त ते आरशातल्या प्रतिबिंबासारखं उलटं असतं, हे ध्यानात ठेवा. भरपूर फोटो काढा. ड्रम काढल्यावर आतल्या भुकटीवर हवेचा पाइप कधीही मारू नका. जुन्या लायनरमध्ये (ड्रमला घासणाऱ्या थरात) अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही. चांगला मास्क लावा, भुकटी पाण्यानं भिजवून ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

ओतीव अक्षरं वाचा

पितळी ब्रशनं गंज आणि रंग काढा, मग खडू घासा. खोलगट आणि उठावाची अक्षरं पांढऱ्या रेघांत स्पष्ट होतात. इंग्लिश गाड्यांवर बहुतेक वेळा लॉकहीड किंवा गर्लिंग या ब्रेक कंपन्यांचं नाव सापडेल, जर्मन गाड्यांवर अनेकदा आटे (ATE) या कंपनीचं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. गर्लिंग लिहिलंय आणि खाली मेड इन इंडिया, म्हणजे डुप्लिकेट, असं लोक ठरवून टाकतात. मद्रासमध्ये १९६२ साली टीव्हीएस आणि ब्रिटनच्या ल्युकसनं मिळून ब्रेक्स इंडिया सुरू केली, आणि गर्लिंग ल्युकसच्याच घरातलं. त्यामुळे इथे तयार झालेल्या गाडीवर भारतीय गर्लिंग हाच मूळ भाग असू शकतो. तिथे इंग्लंडहून मागवलेला महागडा सिलिंडर लावणं म्हणजे खऱ्या इतिहासावर रंग फासणं.

नकली ओतकामात अक्षरांच्या कडा बोथट असतात, कारण साचा मूळ भागावरूनच उठवलेला असतो. गरम धातू थंड होताना आक्रसतो, त्यामुळे असा भाग मुळापेक्षा किंचित लहानही निघतो. लोहचुंबक जवळ ठेवा. तुमच्या जुन्या भागाला तो चिकटत असेल आणि नव्याला नसेल, तर बिडाच्या जागी अ‍ॅल्युमिनियम आलंय. अ‍ॅल्युमिनियम म्हणजे खोटंच असं नाही, काही गाड्यांत ते मूळचंच होतं. तुलना तुमच्याच गाडीच्या जुन्या भागाशी करायची.

भोक मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, सात अष्टमांश म्हणजे २२.२३. नुसत्या डोळ्यांना फरक जेमतेम कळतो. पण दाब क्षेत्रफळावर काम करतो, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं. पाऊण इंचाच्या जागी सात अष्टमांश गेला की तेवढ्याच पेडलवर शूला (लायनर बसवलेल्या, ड्रमवर दाबल्या जाणाऱ्या बाकदार पट्टीला) सुमारे ३६ टक्के जास्त जोर मिळतो. एका चाकाला असं झालं तर गाडी ओढते. मागच्या दोन्ही चाकांना झालं, तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. पावसाळ्यातल्या पुण्यात हा धोका रोजचा आहे. भोकाला माप कोरलेलं असलं तरी व्हर्निअर लावाच, कारण मध्ये कुणी तरी ते मोठं करून घेतलेलं असू शकतं.

आटे तपासा

मला सर्वांत भीती वाटते ती इथली. इंची पाइपचा नट साधारण ३/८ इंचाचा, म्हणजे ९.५३ मिलिमीटर, इंचाला २४ आटे. मेट्रिक नट १० मिलिमीटरचा, अनेकदा १ मिलिमीटर पिचचा, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर १ मिलिमीटर. इंची नट मेट्रिक भोकात सैल का होईना पण जातो, दोन-चार फेरे धरतोही. मग एके दिवशी जोरात ब्रेक दाबल्यावर आटे सोडतात. आटे मोजायचा गेज नाना पेठेत मिळतो, घेऊन ठेवा. नट हातानं, पाना न लावता, शेवटपर्यंत खडखडाट न करता जायला हवा. पाइपच्या टोकाचा फुगाही (फुगवलेला भागही) जुन्यासारखाच हवा. तो वेगळा असेल तर कितीही आवळला तरी पाझरतो.

शू, लायनर, ड्रम

शू मूळचे असतील तर जपा. त्यांचा बाक, भोकांची संख्या आणि ठसे जुळवून पाहा, झिजलेलं लायनर काढून नवं मारून घेता येतं. नव्या लायनरच्या कडेला एफएफसारखी दोन अक्षरं छापलेली दिसतील. पहिलं थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा कमी घर्षणाचं असेल, तर खंबाटकी घाट उतरताना पेडल हळूहळू निकामी वाटायला लागेल. एका एक्सलच्या दोन्ही चाकांना एकच जात लावा.

ड्रम आतून लेथवर घेतलेला असू शकतो. तीन ठिकाणी व्यास मोजा. शू जिथे घासत नाही ती बाहेरची कड शाबूत असेल, तर मूळ माप तिथे सापडतं.

रबर मात्र नवंच

जुनं, न वापरलेलं, सीलबंद रबर किट मिळालं तरी लावू नका. धातू पन्नास वर्षं टिकतो, रबर टिकत नाही. हाच नियम लवचिक होजला. बकेटवर (सिलिंडरमधल्या रबरी वाटीवर) अनेकदा माप कोरलेलं असतं, ते सिलिंडरशी जुळवा. आणि कृपया गॅरेजमध्ये सांगून ठेवा, ब्रेकचे भाग रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोलनं धुवायचे नाहीत. रबर फुगतं आणि ब्रेक अडकतात. शेवटची धुलाई ताज्या ब्रेक ऑइलनंच.

भोकात खड्डे पडले असतील, नख अडकत असेल, तर मूळ सिलिंडर भंगारात देऊ नका. भोसरीत चांगलं लेथकाम करणारे आहेत. आत स्टीलची किंवा पितळेची स्लीव्ह बसवून भोक पुन्हा मूळ मापाचं करून मिळतं. बाहेरून तीच अक्षरं, आतून नवं. बाजारातल्या कुठल्याही "ओरिजिनल"पेक्षा मला हा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते ती मूळ रूप जपलेलं असेल तरच, त्या दृष्टीनंही हे बरं.

जोडून, ब्रेकच्या पाइपांतली हवा काढून झाली की पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा. ते खाली सरकत असेल तर कुठे तरी गळती आहे. मग मोकळ्या सपाट जागेवर, हळू वेगात सरळ थांबून पाहा. थोडं चालवून आल्यावर चारही ड्रमजवळ हात न्या. पुढचे दोन सारखे गरम आणि मागचे दोन सारखे गरम लागले, तरच कात्रजच्या घाटाचा विचार करा. काढलेले जुने भाग कापडात गुंडाळून, "पुढचं, डावं, वरचं" अशी चिठ्ठी बांधून ठेवा. पुढच्या वेळी माप घ्यायला तेच लागतील.