आंध्र प्रदेशावर लिहिताय? मग या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, शाळेचे प्रकल्प, कुणाचा 'राज्य परिचय' असं बरंच काही माझ्याकडे तपासायला येतं. विषय आंध्र असला की लाल पेनाचं टोपण मी आधीच काढून ठेवतो. चुका ठरलेल्या असतात, कारण सगळे एकाच जुन्या पीडीएफवरून उतरवतात.

पहिली आणि सगळ्यात चीड आणणारी चूक म्हणजे २ जून २०१४च्या अलीकडचं आणि पलीकडचं राज्य एकत्र कालवणं. त्या दिवशी तेलंगणा वेगळं झालं. अखंड आंध्रचं क्षेत्रफळ २,७५,०४५ चौरस किलोमीटर आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण ८.४६ कोटी. विभाजनानंतर उरलं सुमारे १.६ लाख चौरस किलोमीटर आणि पाच कोटींना थोडी कमी माणसं.

एका क्लासच्या पुस्तिकेसाठी एका उत्साही मुलाने हे प्रकरण लिहिलं. लोकसंख्या घेतली जुनी, क्षेत्रफळ घेतलं नवं. भागाकार आला ५२८. प्रत्यक्षात घनता तीनशेच्या थोडी वर आहे. पठ्ठ्या तिथेच थांबला असता तरी चाललं असतं, पण राज्य इतकं दाट का, यावर त्याने अख्खा परिच्छेद लिहिला. सुपीक त्रिभुज प्रदेश, बंदरं, आयटी उद्योग, सगळं ओळीने आणि भाषाही झकास. पुस्तिका छापून वाटून झाल्यावर ती माझ्या हातात आली. पोरांनी ५२८ पाठ करून टाकलं होतं. विचारलं तर उत्तर मिळालं, "सर, दोन्ही आकडे गुगलवर आहेत." आहेतच की, पण ते दोन वेगळ्या राज्यांचे आहेत. गंमत अशी की अखंड राज्याची घनताही तीनशेच्या आसपासच होती. संपूर्ण जुनंच उतरवलं असतं तर निदान हा आकडा तरी वाचला असता.

मी काय करतो ते सांगतो. प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलने 'अखंड' किंवा 'नवं' असं लिहितो आणि मग कागदाच्या मागे लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ करून बघतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण ज्यांना फक्त 'महत्त्वाचे मुद्दे' हवे असतात त्यांना ती दोन मिनिटंही जड जातात. आणखी एक खूण सांगतो. पानावर विधानसभेच्या जागा २९४ किंवा लोकसभेच्या ४२ दिसल्या, की ते पान बाजूला ठेवायचं. आता आंध्रच्या जागा १७५ आणि २५ आहेत.

याच चुकीची भावंडं म्हणजे मुखपृष्ठावर चारमिनार, खनिजांत सिंगरेणीचा कोळसा आणि उद्योगांत हैदराबादची औषधनिर्मिती. तिन्ही तेलंगणाची. आपल्याकडे हा घोळ जास्त होतो, कारण मराठवाडा १९५६पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि मग त्याच नावाच्या राज्यात होता, आणि घराघरांत हैदराबाद म्हणजे आंध्र असं बसलेलं आहे. पण १९५३मध्ये आंध्र राज्य झालं तेव्हा त्याची राजधानी होती कर्नूल. हैदराबाद आलं ते १९५६मध्ये.

लेखातून हैदराबाद पुसा आणि काय उरतं ते बघा. विशाखापट्टणमचं बंदर आणि पोलाद कारखाना, गुंटूरची मिरची, आणि जे जवळजवळ कुणीच लिहीत नाही ते मत्स्यपालन. तळ्यांत वाढवलेल्या कोळंबी-माशांत हे राज्य देशात पहिलं आहे. भीमावरमच्या भागात भाताच्या खाचरांची तळी झाली आहेत आणि आमचे लेखक अजून 'भाताचं कोठार' लिहून मोकळे होतात.

हे कोठार प्रकरणही अर्धंच खरं. धवलेश्वरमला आर्थर कॉटन या ब्रिटिश अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गोदावरीवर बंधारा घातला, कालवे निघाले आणि तो पट्टा हिरवा झाला. तिथून नैर्ऋत्येला रायलसीमेत या. अनंतपूरला वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शेतात भुईमूग असतो आणि गावातली तरणी माणसं कामासाठी बंगळुरूला गेलेली असतात. त्याच दुष्काळी भागात पेनुकोंड्याजवळ किआचा मोटार कारखाना उभा आहे आणि २०१९पासून तिथून गाड्या बाहेर पडताहेत. आपल्या महाबळेश्वरात उगम पावणारी कृष्णा श्रीशैलमहून उपसा करून याच रायलसीमेला पोचवतात, ती हंद्री-नीवा योजना. या दोन मुलखांना एकाच वाक्यात 'सुजलाम सुफलाम' म्हणणाऱ्याने नकाशा उघडलेला नसतो. कृपा करून भिंतीवरचा प्राकृतिक नकाशा बघा, मोबाइलवरचा रस्त्यांचा नव्हे.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर, हे आपलं गणित नेल्लोरला लावू नका. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबरनंतर ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. जिल्ह्यांचा आकडा तारखेशिवाय लिहू नका; ४ एप्रिल २०२२ला १३चे २६ झाले. हैदराबाद ही आंध्र आणि तेलंगणाची संयुक्त राजधानी २ जून २०२४पर्यंतच होती. काकीनाड्याजवळचं यानम आंध्रात रंगवू नका, ते पुदुच्चेरीचं आहे. किनारा जुन्या पुस्तकांत ९७४ किलोमीटर आणि नव्या मोजणीत हजाराच्या वर आहे, तेव्हा कुठली मोजणी घेतली ते लिहा. आणि गोदावरीबद्दल लिहिताना अर्धं पान त्र्यंबकेश्वरवर खर्चू नका, विषय आंध्रचा आहे.

एक शंका दर वेळी येते. क्षेत्रफळ कुठे १,६०,२०५ तर कुठे १,६२,९७०च्या आसपास कसं? गोदावरीवरच्या पोलावरम धरणासाठी तेलंगणातल्या खम्मम जिल्ह्यातली काही मंडलं (आपल्या तालुक्यांसारखे भाग) आंध्रकडे आली, म्हणून. नंतरचा आकडा घ्या आणि तेलंगणाच्या आकड्यातून तेवढं वजा झालंय का तेही तपासा.