डोमेन घेताना घरचा पत्ता कसा झाकावा, आणि फसवणाऱ्याचा झाकलेला पत्ता कसा मागावा

कोथरूडमध्ये घरूनच डबे पुरवणाऱ्या एखाद्या ताईंनी वेबसाइट काढायचं ठरवलं, की आधी डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या इंटरनेटवरच्या नावाचा, फॉर्म येतो. नाव, पत्ता, मोबाइल, ईमेल. वेगळं दुकान नसल्यामुळे पत्ता राहत्या घराचाच. 2018 पर्यंत हा सगळा तपशील ‘हूइज’मध्ये, म्हणजे डोमेन-मालकांच्या खुल्या नोंदवहीत, सहसा जगात कुणालाही दिसायचा. 25 मे 2018 ला युरोपात जीडीपीआर हा खासगी माहिती जपण्याचा कायदा लागू झाला, डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅनने आपले नियम बदलले आणि बहुतेक रजिस्ट्रारांनी, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपन्यांनी, सगळ्याच ग्राहकांचा तपशील झाकला.

हे योग्यच झालं. पण त्याच पडद्याआड भामटेही लपतात. ताईंच्या नावाशी मिळतंजुळतं डोमेन घेऊन कुणी आगाऊ पैसे उकळले, तर त्याला गाठायचं कसं? माझ्या मते माणसाचा पत्ता झाकलेलाच असावा, आणि सबळ कारण दाखवणाऱ्याला तो मिळण्याची वाटही असावी. दोन्ही गोष्टी आज जमतात.

फॉर्म भरताना

माहिती खरीच द्या. पत्ता लपवायचा म्हणून खोटा लिहिणं धोक्याचं आहे, कारण चुकीच्या माहितीवरून डोमेन बंद होऊ शकतं. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी रजिस्ट्रार ईमेल किंवा फोनची पडताळणी करतो. 15 दिवसांत उत्तर दिलं नाही तरी डोमेन थांबू शकतं, त्यामुळे तो मेल स्पॅममध्ये गेला नाही ना, हे बघा.

‘ऑर्गनायझेशन’ हा रकाना विचार करून भरा. तिथे संस्थेचं नाव घातलं तर डोमेनची मालक ती संस्था धरली जाते, आणि ते नाव जगाला दिसू शकतं. कंपनी असेल तर जरूर घाला, नोंदणी नसलेला घरगुती व्यवसाय असेल तर रकाना रिकामा ठेवा.

सगळ्यात जास्त जपायचं ते इथे: वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेऊ नये. आपल्याकडे हे सर्रास होतं. तपशील झाकलेला असल्यामुळे मालक कोण हे बाहेरून कळतही नाही, आणि भांडण झालं की पंचाईत होते. खातं तुमच्या ईमेलवर, पावती तुमच्या नावावर घ्या. ईमेलही त्याच डोमेनवरचा नको. डोमेनची मुदत संपली तर मेलही बंद पडेल आणि सूचना पोहोचणारच नाही.

डॉट कॉमला बरेच रजिस्ट्रार प्रायव्हसी सेवा देतात, तीत तुमच्याऐवजी त्या सेवेचं नाव झळकतं. डॉट इनचा कारभार आपल्या निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे, त्यावर अशी सेवा चालत नाही. तिथे रजिस्ट्रीच, म्हणजे सगळ्या डॉट इन नावांची मुख्य नोंद ठेवणारी यंत्रणाच, नाव, पत्ता, फोन झाकते.

घेतल्यावर तपासा

डॉट कॉमसाठी लुकअप डॉट आयकॅन डॉट ऑर्गवर, डॉट इनसाठी रजिस्ट्री डॉट इनवर आपलं डोमेन टाका. नाव आणि पत्त्यासमोर ‘रिडॅक्टेड फॉर प्रायव्हसी’ (गोपनीयतेसाठी झाकलं) असं काहीतरी, राज्यासमोर ‘महाराष्ट्र’ आणि देशासमोर भारत दिसलं, किंवा प्रायव्हसी सेवा घेतली असेल तर त्या सेवेचा तपशील दिसला, की काम झालं. तुमची गल्ली किंवा मोबाइल नंबर दिसला तर लगेच रजिस्ट्रारला कळवा. ग्राहकांसाठीचा धंद्याचा नंबर मात्र वेबसाइटवर ठळक टाका. तो झाकायचं काही कारण नाही.

दुसऱ्याची माहिती हवी असेल तर

पैसे गेले असतील तर मालकाचं नाव शोधत बसू नका. आधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितकी घाई कराल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

मग डोमेनच्या नोंदीतला रजिस्ट्रारचा ‘अब्यूज’ (गैरवापराच्या तक्रारींचा) ईमेल शोधा. तो झाकलेला नसतो. 5 एप्रिल 2024 पासून फिशिंगचा, म्हणजे खोट्या साइटवरून फसवण्याचा, पुरावा मिळाल्यावर डॉट कॉमसारख्या डोमेनच्या रजिस्ट्रारांना कारवाई करावीच लागते. वेबसाइटचा पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट, तारीख, वेळ जोडा.

खुद्द मालकाची माहिती मागायची तर अर्ज करावा लागतो. आयकॅनने त्यासाठी 28 नोव्हेंबर 2023 ला आरडीआरएस ही असे अर्ज रजिस्ट्रारकडे पोहोचवणारी मोफत सेवा सुरू केली. ती डॉट इनला लागू नाही, आणि तीत सामील नसलेल्या रजिस्ट्रारला थेट लिहावं लागतं. मजकूर नेमका हवा. उदाहरणार्थ: ‘अमुक नाव हा माझा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, प्रमाणपत्र जोडलं आहे. या डोमेनवरून माझ्या नावाने ऑर्डर घेतल्या जातात. कायदेशीर नोटीस पाठवण्यासाठी मला मालकाचं नाव, टपाल पत्ता आणि ईमेल हवा आहे. माहिती फक्त याच कामासाठी, कायद्याला धरून वापरीन.’ ‘सगळी माहिती द्या’ असं लिहिलंत तर नकार येण्याचीच शक्यता जास्त. फोन नंबर लागणार नसेल तर मागू नका.

21 ऑगस्ट 2025 पासून लागू झालेल्या धोरणाप्रमाणे रजिस्ट्रारने पोच 2 कामकाजाच्या दिवसांत आणि उत्तर साधारणपणे 30 दिवसांत द्यायचं असतं. माहिती द्यायलाच हवी असं नाही, तो दोन्ही बाजूंचं हित तोलून ठरवतो, पण नाकारली तर कारण लिहून द्यावं लागतं. ते पत्र जपून ठेवा. वकिलाला, सायबर पोलिसांना किंवा ट्रेडमार्कचा वाद असेल तर डॉट कॉमसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी आयएनडीआरपी या डोमेनचे वाद सोडवणाऱ्या प्रक्रियांतल्या तक्रारीत ते उपयोगी पडतं.