मित्राला पुस्तक सुचवायचंय? आधी माणूस शोधा

'एखादं चांगलं पुस्तक सांग की' असं कुणी म्हटलं की आपण धडाधड दहा नावं सांगतो. समोरचा ती मोबाइलमध्ये टिपून घेतो आणि ती तिथंच राहतात. नावांच्या यादीतून काय आवडेल हे त्याला कळायला काहीच मार्ग नसतो. पात्र मात्र कळतं, म्हणून सुरुवात पात्रापासून करावी.

आधी दोन प्रश्न विचारा. सिनेमात, मालिकेत किंवा शाळेच्या धड्यात भेटलेलं कोणतं माणूस अजून डोक्यातून गेलेलं नाही? आणि त्याचं नेमकं काय आवडलं: जिद्द, विनोद, एकटेपणा, की बोलणं? खरं काम दुसऱ्या उत्तराचं. 'भारी होता बे' एवढ्यावर थांबू नका, एखादा प्रसंग सांगायला लावा.

परक्या ठिकाणी जाऊन रुजणारा माणूस ज्याला आवडतो, त्याला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' द्या. धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला तरुण मास्तर आणि तिथला वयस्क कारभारी, या दोघांत पुस्तकाचा जीव आहे. सोलापूरकरांना हे सगळ्यात सोपं जातं. माणदेश आपल्या सांगोल्यापर्यंत येतो, त्यामुळे बोली कानाला ओळखीची वाटते. वाक्यं लहान आहेत, पानं दीडशेच्या आसपास. शहराच्या पूर्व भागातल्या ज्या मित्राच्या घरी तेलुगू बोलतात, किंवा अक्कलकोटकडच्या ज्या मैत्रिणीच्या घरी कन्नड, त्यांच्यासाठीही पहिलं पुस्तक हेच.

घर एकटीनं ओढणारी बाई ज्यांना जवळची वाटते, त्यांना उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०). त्यातली कौतिक मराठी कादंबरीतल्या सर्वांत ताकदीच्या बायकांपैकी एक आहे. विडी वळून संसार चालवणाऱ्या बायका ज्यांनी जवळून पाहिल्यात, त्यांना ती लगेच कळेल. अडचण भाषेची आहे. संवाद वऱ्हाडी आहेत, 'मले', 'तुले', 'काऊन' असे शब्द ओळीओळीला येतात आणि आपल्याकडचा वाचक पाचव्या पानावर पुस्तक मिटतो. त्यावर उपाय साधा आहे: पुस्तक देताना पहिली तीन-चार पानं तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा. डोळ्याला अडणारी बोली कानाला अडत नाही.

'कोसला' (१९६३) जपून द्या. गावाकडून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर हॉस्टेलवर राहिलेल्या पोरांना आपला वाटतो. पण 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' जागोजागी दिसले की नवा वाचक गोंधळतो. हा पांडुरंगचा बोलण्याचा ढंग आहे, एवढं आधी सांगून ठेवा. गोष्ट फोडू नये हा नियम खरा, पण इथं एक अपवाद करा. यात धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग आहे आणि तो फार खोल लागतो. ज्या घरात नुकतंच कुणी गेलंय, तिथं हे पुस्तक आत्ता नेऊ नका.

'व्यक्ती आणि वल्ली' सगळेच सुचवतात, आणि तिथंच चुकतात. नारायण, हरितात्या, अंतू बर्वा हे पुलंच्या आवाजात बहुतेकांनी ऐकलेले असतात, त्यामुळे पुस्तक उघडलं की 'हे माहितीय' म्हणून बाजूला पडतं. 'नंदा प्रधान' किंवा 'लखू रिसबूड'वर खूण ठेवून द्या. प्रत्येक व्यक्तिचित्र स्वतंत्र आहे, क्रमानं वाचायची गरज नाही. पुण्याला जाता-येता हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये दोन-तीन सहज होतात.

मुलांना फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा बनेश 'ट्टॉक्' करून संकटात उडी घेतो. साधारण नऊ ते बारा हे तो वाचायचं वय; त्यापुढच्या मुलांना तो लहान मुलांचा वाटायला लागतो.

कुणाला माणसांपेक्षा पाखरं-झाडं प्रिय असतात. त्यांना मारुती चितमपल्ली. ते सोलापूरचेच आणि २००६ साली इथं झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. 'चकवाचांदण' हे त्यांचं आत्मचरित्र जाडजूड आहे, म्हणून आधी 'रातवा'तले छोटे लेख द्या.

आता देण्याची पद्धत. एका वेळी एकच पुस्तक. पहिलं शक्यतो दोनशे पानांच्या आतलं, कारण न संपलेल्या जाड पुस्तकाची लाज वाटून माणूस आपल्याला टाळायला लागतो. त्याच कारणासाठी 'मृत्युंजय' दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला ठेवा. सोबत चिठ्ठी: पात्राचं नाव, त्याच्यासाठी थांबायचं ते पान, आणि 'पन्नास पानांत नाही रमलास तर परत दे'. ही सूट लिहूनच द्या, तोंडी दिलेली कुणी खरी मानत नाही. 'आयुष्य बदलेल' असली स्तुती टाळा, अपेक्षा इतकी वाढते की चांगलं पुस्तकही थिटं पडतं. वहीत तारीख आणि नाव लिहा. जुनी, खिळखिळी प्रत असेल तर देऊ नका, वाचनालयातून चांगली काढून द्या.

तीन आठवडे काही विचारू नका. रोज 'किती झालं?' विचारलं की तो गृहपाठ होतो. नंतर 'आवडलं का?' ऐवजी 'कोण आवडलं, कोणाचा राग आला?' असं विचारा. पुढचं पुस्तक त्या उत्तरातून ठरतं. 'बनगरवाडी'तला कारभारी आवडला म्हणाला, तर माडगूळकरांचीच 'माणदेशी माणसं' हातात द्या, 'धर्मा रामोशी'च्या पानावर खूण ठेवून.