गावातलं जुनं घर घेताय? मग इसार द्यायच्या आधी सर्व्हे असा करून घ्या

गावातलं जुनं घर घ्यायचं म्हटलं की सगळे कागदपत्रांच्या मागे लागतात, ते बरोबरच आहे, पण घर स्वतः कसं आहे हे बघायचं काम एक चक्कर, चार फोटो आणि "भिंती बघा केवढ्या जाड आहेत" एवढ्यावर उरकतं. टायटल क्लिअर असलेलं घरसुद्धा पावसात कोसळू शकतं हो.

सर्व्हे म्हणजे नक्की काय यावरच आधी गोंधळ असतो. एक असते जागेची मोजणी, म्हणजे हद्द कुठून कुठे, क्षेत्रफळ किती, कागदावरचा नकाशा आणि जमिनीवरची परिस्थिती जुळते का. दुसरी असते घराची तपासणी, म्हणजे पाया, भिंती, छप्पर, लाकूड, ओल, ड्रेनेज वगैरे. दोन्ही कामं वेगळी, करणारी माणसंही वेगळी आणि दोन्ही करून घ्यायची. तिसरं एक असतं बँकेचं व्हॅल्युएशन, ते बँक स्वतःसाठी करते, दिलेलं कर्ज वसूल होईल का एवढंच त्यात बघतात, त्यामुळे "बँकेचा माणूस येऊन गेला, त्याने ओके दिलं" हे ऐकून निवांत होऊ नका. तो छपरावर चढलेला नसतो.

हे सगळं इसार द्यायच्या आधी. विकणारा घाई करत असेल आणि काहीतरी रक्कम द्यावीच लागत असेल तर लेखी करारात एक अट टाकून घ्या की तपासणी आणि मोजणी समाधानकारक निघाली नाही तर पैसे परत, आणि ती अट वकिलाकडून लिहून घ्या, तोंडी "हो हो देऊ की" याला काही अर्थ नसतो.

आता माणूस कुठला घ्यायचा? घराच्या तपासणीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर किंवा बिल्डिंग सर्व्हेअर, पण फक्त आरसीसीत आयुष्य गेलेला नको. दगड, माती, चुना, लाकूड यांच्या घरांवर काम केलेला हवा, कारण ही बांधकामं वेगळ्या तत्त्वावर उभी असतात. फोनवरच विचारा, "याआधी चुन्यातल्या किंवा मातीतल्या घराचा रिपोर्ट केलाय का, एखादा जुना रिपोर्ट नावं झाकून दाखवाल का?" नमुना बघितला की माणूस कळतो. सगळीकडे "तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा" असंच लिहिलेलं असेल तर तो रिपोर्ट स्वतःची कातडी वाचवायला लिहिलाय. विकणाऱ्याने किंवा एजंटने सुचवलेला माणूस घेऊ नका आणि दुरुस्तीचं काम ज्याला मिळणार आहे त्याच्याकडूनही तपासणी करून घेऊ नका, एक सगळं झाकेल आणि दुसरा सगळं पाडायला लावेल. आणि काय काय बघणार नाही तेही आधी विचारून ठेवा. लादी उखडणं, गिलावा फोडणं, फॉल्स सीलिंग उघडणं हे सहसा तपासणीत धरलेलं नसतं, त्यासाठी मालकाची परवानगी वेगळी लागते.

मोजणीबद्दल थोडक्यात, पण हे महत्त्वाचं. मोबाईल घेऊन हद्दीवरून चालत जाऊन मॅपवर रेघा मारणारे बरेच असतात. मोबाईलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीसुद्धा साधारण 5 मीटर इकडेतिकडे दाखवतो, झाडाखाली किंवा भिंतीजवळ त्याहून जास्त, आणि गावात भांडणं होतात ती हातभर जागेवरून. त्यामुळे अधिकृत मोजणीदारच बोलवा, त्याला सरकारी नकाशावरून हद्द जमिनीवर दाखवायला लावा, खुणा पक्क्या रोवून घ्या आणि त्या वेळी आजूबाजूचे शेजारी हजर राहतील असं बघा. कुंपण आहे म्हणजे हद्द तिथेच आहे असं धरून चालू नका, कुंपणं वर्षानुवर्षं सरकत असतात.

नकाशावर जे दिसत नाही ते तिथेच उभं राहून विचारायचं. घरापर्यंतचा रस्ता कुणाच्या जागेतून येतो आणि ती वहिवाट कागदावर आहे की नुसतीच चालत आलेली आहे? शेजाऱ्याची आणि आपली भिंत सामाईक आहे का? विहीर एकट्याची की वाटणीतली? आणि हे कुणी विचारत नाही ते म्हणजे छपराच्या पागोळ्या कुणाच्या अंगणात पडतात! छपराची कड हद्दीच्या बाहेर गेली असेल तर आज शेजारी काही बोलत नाही, मालक बदलला की बोलतो.

आता घर. माझं मत सांगतो, जुन्या घरात जे काही बिघडतं त्यातलं निम्म्याहून जास्त पाण्यामुळे बिघडतं. लाकूड कुजतं ते पाण्याने, वाळवीला ओल आवडते, मातीची भिंत बसते ती पाण्याने, पाया हलतो तोही बऱ्याचदा पाण्यानेच. म्हणून इंजिनिअरला एकच गोष्ट आधी सांगा की पाणी वरून, खालून, बाजूने कुठून कुठून येतं आणि कुठे जातं ते मला दाखवा. जमलं तर तपासणी पावसाळ्यात किंवा निदान मोठा पाऊस पडून गेल्यावर लगेच ठेवा. कडक उन्हाळ्यात सगळीच घरं कोरडी असतात. आणि तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहा, हे टाळू नका, रिपोर्टमध्ये जी गोष्ट एका ओळीत येते ती तिथे उभं राहून पाच मिनिटं समजावून सांगतात.

आत जाण्याआधी बाहेरून एक पूर्ण फेरी मारायची. बाहेरची जमीन घराच्या दिशेने उतरते की घरापासून लांब उतरते? बाहेरच्या जमिनीची पातळी जोत्याच्या खाली आहे ना? जुन्या घरांमध्ये रस्त्यावर थरावर थर पडत जातात, अंगणात भर पडत जाते, आणि कधीकाळी दोन पायऱ्या चढून जायचं घर आता रस्त्याला समतल झालेलं असतं किंवा खालीच गेलेलं असतं. मग पावसाचं पाणी भिंतीला टेकून उभं राहतं. जवळ ओढा किंवा नाला असेल तर शेजारपाजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की पाणी कुठपर्यंत आलं होतं, ते हाताने भिंतीवर उंची दाखवतात, मालक दाखवत नाही.

मग छप्पर. लांब उभं राहून आढ्याची रेघ बघा, मधे बसलेली दिसली तर खाली काहीतरी वाकलंय किंवा कुजलंय. त्यानंतर आतून माळ्यावर चढायचं, भर दिवसा, आणि दिवे बंद करून वर बघायचं, जिथून उजेड येतो तिथून पाणीही येऊ शकतं. कौलं बदलणं तसं किरकोळ काम, खाली वासे आणि रिपा कशा आहेत यावर खरा खर्च ठरतो. दोन छपरं जिथे मिळतात ती पन्हळ आणि छप्पर जिथे भिंतीला टेकतं तो सांधा, या दोन जागा हमखास गळतात. छपरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फोडू नका, ड्रिल मारू नका, घासू नका, त्याची धूळ फुप्फुसात जाणं धोक्याचं आहे. तसे पत्रे निघाले तर ते नीट काढून विल्हेवाट लावायचा खर्च वेगळा धरा.

ओल हा सगळ्यात गुंतागुंतीचा विषय, आणि सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच होते. ओल साधारण तीन प्रकारे येते. वरून किंवा बाजूने आत शिरलेली, म्हणजे गळकं छप्पर, फुटका पाइप, गिलाव्यातली भेग. दुसरी जमिनीतून चढणारी, ती बहुतेक वेळा खालच्या मीटरभरातच असते आणि तिथे लोणा लागलेला दिसतो, पांढरी पावडर, पोपडे. तिसरी आतल्या हवेतली वाफ गार भिंतीवर जमून येणारी, ती कोपऱ्यात, कपाटामागे, स्वयंपाकघरात काळ्या बुरशीच्या रूपात दिसते. तिघींचे उपाय वेगवेगळे. कुणी नुसतं मीटर लावून "ओल आहे, केमिकल मारावं लागेल" म्हणाला तर विचारा की ओल कुठल्या प्रकारची आणि येते कुठून. दोन पिनांचं मीटर विजेचं वहन मोजतं, भिंतीत क्षार साठले असले तरी ते आकडा वर दाखवतं, म्हणजे नुसत्या आकड्यावर लाखोंचा निर्णय घ्यायचा नसतो.

आणि सिमेंटचा गिलावा! माती किंवा चुन्याच्या भिंती ओल शोषतात आणि परत बाहेर सोडतात, तशाच त्या टिकलेल्या असतात. त्यावर कुणीतरी हौसेने सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट मारला की भिंतीला रेनकोट घातल्यासारखं होतं, आतली ओल आतच राहते. बाहेरून घर चकाचक दिसतं आणि आत माती मऊ होत असते. म्हणून गिलावा बोटाच्या पेराने ठोकत जायचं, जिथे पोकळ, भदभद आवाज येतो तिथे तो भिंतीपासून सुटलाय. घर विकायला काढताना नुकताच रंग दिला असेल, त्यातही एकाच खोलीला किंवा एकाच भिंतीला, तर तिथे जास्त वेळ थांबा.

भेगा बघून लगेच घाबरायचं कारण नाही. केसासारख्या भेगा सगळ्या जुन्या घरांत असतात. साधारण 5 मिलिमीटरच्या वर रुंद गेली की मात्र प्रश्न विचारायचे, तिरकी असेल, दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून निघाली असेल, एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला रुंद असेल तर पाया एका बाजूला खचला असण्याची शक्यता असते. भेग जुनी की ताजी हेही कळतं, आत धूळ, जाळी, जुना रंग गेलेला असेल तर जुनी, आणि आतल्या कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर अलीकडची. बुजवलेली भेग परत त्याच जागी उघडली असेल तर हालचाल अजून चालू आहे. चिकण मातीवरचं घर असेल आणि जवळ मोठं झाड असेल तर त्याचाही हिशोब करायला सांगा, ती माती वाळली की आकसते, भिजली की फुगते आणि झाड तिच्यातलं पाणी ओढत असतं. भिंत सरळ आहे का हे बघायला गवंड्याचा साधा ओळंबा पुरतो, वरून सोडायचा आणि दोरी व भिंतीमधलं अंतर वर, मधे, खाली मोजायचं. दगडी भिंतीत मधेच फुगवटा आला असेल तर आतला आणि बाहेरचा थर एकमेकांपासून सुटत चाललाय, ते काम मोठं असतं.

लाकडात तुळईचं मधलं अंग बघून उपयोग नाही, ते बहुतेक ठणठणीतच असतं. तिचं टोक, जे भिंतीत गाडलेलं असतं, तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघायचं. सहज आत गेला तर कुजलंय. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला रान मोकळं होतं, इंजिनिअरकडे लाकडासाठीचं मीटर असतं, आकडे लिहून घ्या. वाळवीच्या मातीच्या नळ्या, पेन्सिलीएवढ्या जाड, जोत्यावरून किंवा चौकटीच्या मागून वर चढलेल्या दिसतात. एखादी नळी मोडून बघा, आत किडे दिसले तर लागण चालू आहे, रिकामी असली म्हणून मात्र सुटलो असं नाही, वाळवी दुसरीकडून गेलेली असू शकते. भुंग्याची भोकं नुसती असली तर जुनी गोष्ट असू शकते, पण खाली ताजा पिवळसर भुसा पडलेला असेल तर काम चालू आहे.

विहीर किंवा बोअर असेल तर पाणी लॅबमध्ये द्या, लॅबनेच दिलेल्या निर्जंतुक बाटलीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकाप्रमाणे 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात सापडायला नको आणि नायट्रेट लिटरला 50 मिलिग्रॅमच्या आत हवं, बाटलीने दूध पिणाऱ्या बाळांना जास्तीचं नायट्रेट धोकादायक असतं. शेतीची खतं आणि सेप्टिक टँक, दोन्हीकडून ते येतं. म्हणून टँक आणि शोषखड्डा कुठे आहेत ते प्रत्यक्ष बघा, झाकण उघडायला लावा, आणि टँक वरच्या अंगाला व विहीर खालच्या अंगाला असेल तर ही गोष्ट रिपोर्टमध्ये ठळक यायला हवी. "टँक कुठेतरी मागे आहे" असं मालक म्हणत असेल तर टँक बहुतेक नाहीच. पाणी उन्हाळ्यात किती उतरतं हे परत शेजाऱ्यांनाच विचारायचं.

वायरिंगचं फार लिहीत नाही, जुन्या घरात ते नव्याने करायचं असंच धरून चाला, फक्त अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

रिपोर्ट हातात आला की तो लांबलचक आणि भीतीदायक वाटतो, सगळ्यांचेच वाटतात. फोटोसकट मागा आणि प्रत्येक दोषापुढे तीनपैकी एक लिहून मागा, आत्ता लगेच करायचं, वर्ष-दोन वर्षांत करायचं, की नुसतं लक्ष ठेवायचं, आणि अंदाजे खर्च. मग फोन करून सरळ विचारा, "यातली कुठली गोष्ट ऐकून तुम्ही स्वतः हे घर घेतलं नसतं?" लिहिताना माणसं जपून लिहितात, बोलताना बरंच मोकळं बोलतात.

त्यानंतर लगेच कामाच्या यादीवर एखाद्या गवंडी-सुताराकडून वेगळे दर घ्या आणि तो आकडा घेऊन मालकाशी बसा. "घर जुनंय, कमी करा" म्हटलं की कुणी कमी करत नाही, "चार तुळया बदलायच्यात, हा फोटो, हा दर" म्हटलं की बोलणं सुरू होतं. मालक म्हणाला की मीच दुरुस्त करून देतो, तर शक्यतो नको म्हणा, तो स्वस्तात झाकून देईल, त्यापेक्षा किंमत कमी करून घ्या आणि काम आपल्या माणसाकडून करा. हद्दीचा वाद, रस्त्याची वहिवाट नसणं किंवा चालू असलेली पायाची हालचाल, यातलं काही निघालं आणि त्यावर लेखी तोडगा निघत नसेल तर किंमत कितीही खाली आली तरी घर सोडा. बाकी ओल, लाकूड, छप्पर यावर पैसे टाकले की मार्ग निघतो. आणि खरेदीच्या दिवशी सही करायच्या आधी जागेवर जाऊन मोजणीच्या खुणा रोवल्या होत्या तिथेच आहेत ना हे बघून या, सोबत नकाशाची प्रत घेऊन.