मार्केट यार्डात मोजायला जाण्याआधी

हळदीचा हंगाम भरात आला की सांगलीच्या मार्केट यार्डातून ठरलेला फोन येतो: सौदे उरकले, पट्टी (शेतकऱ्याच्या विक्रीचा हिशेब) निघत नाही, शेतकरी खोळंबलेत. म्हणजे पट्ट्या काढणारा जावा प्रोग्राम अडलाय. तिथे पोचल्या पोचल्या त्याचा कोड उघडू नकोस. आधी मोजायची तयारी करून जा.

सर्व्हरवर जावाची कोणती आवृत्ती आहे ते आदल्या दिवशीच विचारून घे. ११ किंवा पुढची असेल तर फ्लाइट रेकॉर्डर, म्हणजे प्रोग्राम चालताना त्याच्या हालचाली नोंदवणारं साधन, आतच असतो. ओपनजेडीके (जावाची मुक्त आवृत्ती) ८ असेल तर अपडेट २६२ पासून मिळतो. नुसता जेआरई (फक्त प्रोग्राम चालवण्यापुरता जावा) टाकलेला असेल तर जेस्टॅक, जेसीएमडी ही तपासणीची साधनं काहीच सापडणार नाहीत, म्हणून पूर्ण जेडीके (साधनांसकट जावा) सोबत ने. प्रोग्राम ज्या युजरखाली चालतो त्याचंच लॉगिन मागून ठेव, नाहीतर हेलपाटा पडतो.

वेळ पट्ट्यांच्या गर्दीचीच गाठ. रिकाम्या दुकानातलं रेकॉर्डिंग काही सांगत नाही. नेहमीच्या सेटिंगवर रेकॉर्डरचा भार साधारण एक टक्का असतो, हे अडत्यांना आधीच सांग. त्यांची धास्ती रास्त असते.

दहा-दहा सेकंदांनी तीन थ्रेड डंप घ्यायचेच; थ्रेड म्हणजे प्रोग्राममधला कामाचा एकेक धागा, आणि डंप म्हणजे त्या क्षणी प्रत्येक धागा कुठे आहे त्याची यादी. गेल्या हंगामात उत्तर तिथेच मिळालं. सीपीयू जवळजवळ रिकामा, त्यामुळे सगळे नेटला दोष देत होते. तिन्ही डंपांत चौदा थ्रेड ‘ब्लॉक्ड’ (अडकलेले), तेही एकाच कुलपापाशी: पट्टीचा नंबर काढणारी सिंक्रोनाइज्ड मेथड, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत घेणारा कोडचा तुकडा, आणि तिच्या पोटात डेटाबेसची नोंद. एक आत, बाकीचे दारात. अडकलेला थ्रेड सीपीयू खात नाही, म्हणून सीपीयू प्रोफाइलमध्ये (सीपीयूचा वेळ कुठे जातो त्याच्या मोजणीत) हे दिसलंच नसतं. असिंक-प्रोफायलर हे वेळ मोजणारं साधन नेशील तर वॉल मोडही चालव, तो थांबलेले थ्रेडही मोजतो.

स्पॉटबग्ज हे चुका शोधणारं साधन आदल्या रात्री फिरवून ठेव. ते कोड न चालवता वाचतं, त्यामुळे संशयित ओळी देतं, वेळ कुठे जातोय ते नाही. जीसी लॉग (जावाने मेमरी साफ केल्याची नोंद) चालू आहे ना, तेवढं बघ.

हीप डंप, म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीची (हीपची) पूर्ण नक्कल, मात्र वजनकाटे बंद झाल्यावरच. तो घेताना प्रोग्राम थांबतो, आणि फाइल जवळपास हीपएवढी होऊ शकते, डिस्क तपास. त्यात शेतकऱ्यांची नावं, बँक खाती जशीच्या तशी असतात. पेनड्राइव्हवर घालून घरी आणायची नाही.

आणि वही ने. दिवाणजींच्या शेजारी बसून एक पट्टी निघायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून लिही. दुरुस्तीनंतर तशाच गर्दीत तोच आकडा पुन्हा घ्यायचा आहे.