लोकलच्या बॅगेतला बटवा

विरारहून चर्चगेटला किंवा बदलापूरहून सीएसएमटीला रोज जाणाऱ्याला चप्पल तुटली, परकराची नाडी निघाली म्हणून अर्ध्या वाटेवरून घरी परतणं परवडत नाही. अशा वेळी वस्तू कायमची दुरुस्त करायची नसते, संध्याकाळपर्यंत टिकवायची असते. त्यासाठी तळहाताएवढा बटवा पुरतो. त्याहून मोठा केलात, तर आठवड्याभरात तो घरीच राहू लागेल.

सेफ्टी पिना सहा घ्या, दोन मोठ्या आणि चार लहान. रबरी चपलेचा अंगठा तुटतो म्हणजे बहुतेक वेळा पट्टा तुटलेला नसतोच. झिजून मोठ्या झालेल्या भोकातून पट्ट्याचं गोल बूड वर निसटलेलं असतं. ते ओलं करून भोकातून परत खाली ढकला. चप्पल उलटी करा आणि तळवा व बूड यांच्या मधल्या मानेतून मोठी पिन आडवी घालून बंद करा. पिन भोकापेक्षा लांब असल्यामुळे बूड पुन्हा वर येत नाही. लहान पिन इथे वाकते. पाय जरा सपाट टाकत चाललात तर स्टेशनबाहेरच्या चपला शिवणाऱ्यापर्यंत नक्की पोचाल. नाडी आत गेली असेल तर तिच्या टोकाला लहान पिन लावून नेफ्यातून सरकवा. चष्म्याचा स्क्रू पडला तर त्याच भोकातून दोरा तीन-चार वेळा ओवून गाठ मारा.

बोटभर मेणबत्तीचा तुकडा ठेवा. सुया त्यातच रुतवून ठेवायच्या: टोक कुणाला लागत नाही आणि पावसाळ्याच्या दमटपणात गंजही लवकर चढत नाही. दोन सुया, काळा आणि पांढरा दोरा घरीच ओवून ठेवलेला, कारण हलत्या डब्यात सुई ओवणं कठीण. बॅगेची चेन अडकते तेव्हा तेच मेण दातांवर घासा. मात्र रनर पुढे जातो आणि मागे दात उघडेच राहतात, असं असेल तर मेणाचा उपयोग नाही. रनर सैल झालेला असतो. त्या दिवसापुरतं पिनांनी तोंड बंद करा.

अर्ध्या लिटरच्या दुधाच्या दोन पिशव्या, फक्त कोपऱ्यात कापून न टाकता वरची पूर्ण कड कापलेल्या, धुऊन सुकवलेल्या. मुसळधार पावसात मोबाइल आत घालून तोंड दोनदा दुमडा आणि रबरबँड लावा. गाडीत कुणाला मळमळलं तर दुसरी पिशवी हाताशी असते. मोबाइल भिजलाच तर बंद करा, चार्जिंगचं भोक खाली करून हलकेच झटका आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जरला लावू नका. तांदळाच्या डब्यातही ठेवू नका, त्याची पूड भोकात जाऊन बसते.

बँडेजच्या चार पट्ट्या. ओल्या कातडीवर त्या चिकटत नाहीत, म्हणून जखम स्वच्छ पाण्याने धुऊन भोवतालचा भाग रुमालाने कोरडा टिपा, मगच लावा. पायाला चीर असताना साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर हे हलक्यात घेऊ नका. उंदरांच्या लघवीतून पाण्यात आलेले लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे) जंतू त्या चिरेतून शरीरात जातात. घरी पोचताच पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. ताप यायची वाट पाहू नका.

ओआरएसची पुडी घेताना तिच्यावरचं पाण्याचं माप वाचा. २०.५ ग्रॅमची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. ती अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतली की मिश्रण फार खारट होतं आणि जुलाब झालेल्याला अपायच करतं. बाटली लहान असेल तर २०० मिलीची पुडी ठेवा. कालवलेलं पाणी २४ तासांनंतर टाकून द्या.

सुटे पैसे, दहा-वीसच्या नोटांत दोनशे रुपये. बॅटरी संपली की यूपीआय बंद आणि मोबाइलवरचा पासही दाखवता येत नाही. त्याच घडीत कागदावर घरचे दोन नंबर आणि रेल्वेची १३९ हेल्पलाइन पेनाने लिहून ठेवा.

बटवा बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात नको. गर्दीच्या दारात उघडूही नका, उतरून फलाटावर बाकाशी या आणि मग काम करा. महिन्याचा पास काढायच्या दिवशी तो पूर्ण रिकामा करा: डिंक सुटलेली बँडेजची पट्टी, गंजलेली पिन, चिकट झालेले रबरबँड आणि तारीख उलटलेली पुडी बदला.