डिझेलची नवी एसयूव्ही: पुण्यात पहिले हजार किलोमीटर कसे चालवावेत

पुण्यात डिझेलची मोठी कौटुंबिक एसयूव्ही घेणाऱ्याला पहिल्या पंधरवड्यातच एका गाडीचे दोन स्वभाव दिसतात. साताऱ्याच्या रस्त्याला लागली की ती सहा-सात माणसे आणि सामान घेऊनही विनासायास चढ चढते, आणि तीच गाडी सकाळी हिंजवडीच्या रांगेत अडकली की जड, आळशी आणि खादाड वाटू लागते. हे दोन्ही अनुभव खरे आहेत, त्यामुळे त्यांतल्या एकावरून गाडीविषयी मत बनवणे योग्य नाही. माझ्या मते या वर्गातल्या गाडीच्या मालकाने पहिल्या महिन्यात एकच गोष्ट नीट शिकायला हवी: आजचे डिझेल इंजिन लांब, मोकळ्या रस्त्यासाठी बनलेले आहे, आणि शहरात राहूनही तो रस्ता तिला नियमितपणे कसा मिळवून द्यायचा याची सोय आपणच करायची आहे.

ही सोय पूर्वी करावी लागत नव्हती. १ एप्रिल २०२० पासून देशभर वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणारी बीएस-६ मानके लागू झाली आणि डिझेल मोटारींसाठी धुरातील कणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर, तर नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा २५० मिलिग्रॅमवरून ८० मिलिग्रॅमवर आली. ही मर्यादा पाळण्यासाठी सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर आला, ज्याला सर्वजण डीपीएफ म्हणतात. त्यामुळे दहा-पंधरा वर्षे डिझेल गाडी चालवलेल्या काका-मामांचा सल्ला आदराने ऐकावा, परंतु ‘सकाळी दहा मिनिटे गाडी नुसती चालू ठेव’ यासारखी जुनी सवय नव्या गाडीला लावू नये. उभ्या गाडीत इंजिन मंद फिरत राहिले की धूर पुरेसा तापत नाही आणि फिल्टरमध्ये काजळी मात्र साचत राहते.

गाडी ताब्यात घेण्याआधीची तपासणी थोडक्यात सांगतो. दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर शोरूममध्ये इतकी गर्दी असते की तेव्हा काहीही नीट पाहता येत नाही, म्हणून एक-दोन दिवस आधी, भर उजेडात जाऊन गाडी पाहावी. चासी क्रमांकावरून निर्मितीचा महिना विचारून घ्यावा. टायरच्या कडेला शेवटी चार आकडे असतात. त्यांतले पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. पाचही टायर पाहावेत, कारण डिकीतला किंवा गाडीखालचा जादा टायर कोणीच पाहत नाही. आणखी एक गोष्ट पुण्याच्या जुन्या सोसायट्यांमध्ये राहणाऱ्यांनी नोंदणीच्याही आधी करावी: पार्किंगच्या दोन खांबांमधले अंतर टेपने मोजावे. एक्सयूव्ही ७०० ची रुंदी १,८९० मिलिमीटर आणि सफारीची १,९२२ मिलिमीटर आहे, आणि या मापांत आरसे धरलेले नाहीत. यांत्रिक पार्किंग असल्यास त्यावरील वजनमर्यादेची पाटी वाचावी.

आता गाडी रस्त्यावर. पहिले हजार किलोमीटर इंजिनवर फार ताण देऊ नये, हे सर्वांना माहीत असते. परंतु ताण म्हणजे केवळ वेग, असा समज चुकीचा आहे. या इंजिनांचा खरा जोर टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, चालू झाल्यावर, म्हणजे मिनिटाला साधारण १,७५० फेऱ्यांपासून पुढे मिळतो. हॅरिअर आणि सफारीचे दोन लिटरचे इंजिन तिथूनच ३५० न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, देते. त्याखाली, म्हणजे बाराशे-तेराशे फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढायला लावणे हे नव्या इंजिनाला तीन हजारांच्या वर फिरवण्याइतकेच नको असते. मॅन्युअल गाडीत एक गिअर खाली आणावा. गिअर बदलण्याचा कंटाळा करू नये. शिवाय एकाच वेगाने तासन्‌तास जाऊ नये, वेग कमी-जास्त करत राहावा. नवे टायर आणि ब्रेक यांनाही पहिले काहीशे किलोमीटर जम बसण्यासाठी लागतात, म्हणून त्या काळात पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवणे शहाणपणाचे आहे.

डीपीएफचा विषय मी सविस्तर घेतो, कारण शहरात राहणाऱ्या मालकांच्या बहुतेक अडचणी याच एका भागापाशी येऊन थांबतात. फिल्टरमध्ये काजळी ठरावीक प्रमाणात साचली की संगणक इंजिनात थोडे जादा डिझेल सोडतो, त्याने धुराचे तापमान साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि साचलेली काजळी जळून जाते. या क्रियेला रिजनरेशन म्हणतात. तिला सहसा दहा ते वीस मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ इंजिन गरम व चालते राहणे आवश्यक असते. कोथरूडहून डेक्कनला चार किलोमीटर जाऊन गाडी बंद केली तर क्रिया अर्धवट राहते. असे वारंवार घडले तर डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागतो, आणि तोही दुर्लक्षिला तर गाडीची ताकद आपोआप कमी केली जाते व वर्कशॉपमध्ये यंत्र जोडून फिल्टर साफ करून घ्यावा लागतो. अर्धवट राहिलेल्या क्रियेचा आणखी एक परिणाम फारसा सांगितला जात नाही: न जळलेले जादा डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळू शकते. म्हणून महिन्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, पाहावी. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलेली दिसली किंवा ऑइलला डिझेलचा वास आला, तर सर्व्हिसिंगच्या तारखेची वाट पाहू नये.

रिजनरेशन चालू असल्याचे अनेक गाड्या वेगळे दाखवत नाहीत, पण लक्ष दिले तर ते कळते. उभ्या गाडीत फेऱ्यांचा काटा नेहमीपेक्षा थोडा वर राहतो, सिग्नलवर आपोआप बंद होणारे इंजिन बंद होत नाही, त्या क्षणाचे ॲव्हरेज एकदम खाली येते, आणि गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो. अशा खुणा दिसल्या आणि हाताशी वेळ असला, तर घरासमोर आल्यावरही गाडी बंद न करता पंधरा मिनिटे मोकळ्या रस्त्यावर फेरी मारून यावी. रोज असे करणे शक्य नसते आणि त्याची गरजही नाही. एखाद-दुसऱ्या वेळी क्रिया तुटली तर गाडी पुढच्या प्रवासात ती पुन्हा सुरू करते. उन्हाळ्यात मात्र एक काळजी अवश्य घ्यावी: मार्च ते मे या महिन्यांत गडाच्या पायथ्याशी वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नये, कारण तापलेला सायलेन्सर गवताला आग लावू शकतो.

म्हणून आठवड्यातून एकदा, निदान दोन आठवड्यांतून एकदा, अर्ध्या-पाऊण तासाची मोकळी फेरी ठरवून टाकावी. माझ्या अनुभवात कोथरूड, वारजे, सिंहगड रस्ता या भागांतल्यांसाठी रविवारी पहाटे कात्रजच्या नव्या बोगद्यातून खेड शिवापूरमार्गे शिरवळपर्यंत जाणे सर्वांत सोयीचे पडते. हडपसरच्या बाजूच्यांना सोलापूर रस्त्याने यवतपर्यंत जाता येते. वाकडच्या दिशेने जाणारा बाह्यवळण रस्ता यासाठी निवडू नये, कारण तिथे गाडी चालते कमी आणि थांबते जास्त. या फेरीत साठ ते नव्वद किलोमीटर वेगाच्या दरम्यान, दोन हजार फेऱ्यांच्या आसपास, वेग हळूहळू कमी-जास्त करत जावे. असे केल्याने नव्या इंजिनाला हवा असलेला बदलता वेग आणि फिल्टरला हवी असलेली सलग उष्णता, या परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन्ही गरजा एकाच वेळी भागतात. ज्यांना अशी फेरी मुळीच जमणार नाही आणि ज्यांचा रोजचा प्रवास पाच-सहा किलोमीटरचाच आहे, त्यांनी डिझेलऐवजी पेट्रोल गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही गाड्यांना डिझेलबरोबर डीईएफ हा दुसरा द्रवही लागतो, ज्याला पुष्कळ जण ॲडब्लू या व्यापारी नावाने ओळखतात. तो म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि उरलेले शुद्ध पाणी. गरम धुरात तो फवारला की नायट्रोजन ऑक्साइडचे रूपांतर नायट्रोजन आणि पाण्याच्या वाफेत होते. त्याची टाकी वेगळी असते आणि झाकण बहुधा निळे असते. ती संपू देऊ नये, कारण रिकामी झाल्यावर एकदा बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. भरताना सांडले तर पाण्याने धुऊन काढावे, नाहीतर पांढरे स्फटिक जमतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पंपावर स्वतः उतरून उभे राहावे. डिझेलच्या टाकीत डीईएफ किंवा पेट्रोल गेले, तर गाडी सुरूच करू नये, चावीही फिरवू नये; तिथूनच ती उचलून वर्कशॉपमध्ये न्यावी. टाकी रिकामी करण्याचा खर्च सोसता येतो, परंतु पंप आणि इंजेक्टर बदलण्याचा खर्च फार मोठा असतो.

घाटात या गाडीचा खरा आनंद आहे आणि खरी जबाबदारीही तिथेच आहे. चढावर टॉर्क भरपूर असल्याने वाहनाचे वजन जाणवत नाही, पण उतारावर तेच जवळजवळ दोन टनांचे वजन ब्रेकवर येते. म्हणून ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो त्याच गिअरमध्ये, किंवा एक गिअर खाली, उतार उतरावा. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोड वापरून गिअर खाली धरून ठेवावा. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची सवय असेल तर ती आजच सोडावी. गिअरमध्ये असलेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर सोडला की संगणक इंजिनाला होणारा डिझेलचा पुरवठाच थांबवतो, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल खर्च होतच राहते. हे शिकण्यासाठी कात्रजचा जुना घाट चांगला आहे. बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा लांब उतार मात्र सरावासाठी नाही. तिथे जड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन अनेक प्राणघातक अपघात झाले आहेत, म्हणून भरलेल्या ट्रकच्या थेट पुढे राहू नये आणि त्याला वाट द्यावी.

कुटुंबाची गाडी म्हटल्यावर चालकाच्या आसनाइतकाच विचार मागच्या आसनांचा व्हायला हवा. आमच्याकडे आईला उंच गाडीत चढणे गुडघ्यांमुळे अवघड जात होते. बाजूची पायरी बसवल्यावर तो प्रश्न बऱ्याच अंशी सुटला, तरी वयस्कर माणसांना खरेदीआधीच शोरूममध्ये नेऊन दोन-तीनदा चढउतार करायला लावणे हेच उत्तम. तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाला शहरातल्या शहरात बसता येते, कोल्हापूरपर्यंत बसवू नये. त्या रांगेत सर्वांनी पट्टे लावावेत. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसनाशिवाय नेल्यास १,००० रुपये दंड आहे, पण दंडाचे भय नसले तरी हे पाळायलाच हवे. उंच बॉनेटमुळे गाडीच्या अगदी पुढे उभे असलेले लहान मूल चालकाला दिसत नाही. सोसायटीच्या आवारातून निघण्यापूर्वी कॅमेऱ्यावर विसंबून न राहता गाडीभोवती एक फेरी मारावी.

ॲव्हरेजविषयी पहिल्या महिन्यात कोणालाही उत्तर देऊ नये. टाकी पहिल्या कटऑफपर्यंत, म्हणजे पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत, फुल करावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तितकीच भरावी आणि किलोमीटरना लिटरने भागावे. डॅशबोर्डवरचा आकडा आणि हा आकडा बहुधा जुळत नाहीत. शहराचे आणि महामार्गाचे हिशेब वेगळे लिहावेत. टायरमधली हवा गाडी थंड असताना, चालकाच्या दारालगतच्या पट्टीवर दिलेल्या आकड्यानुसार तपासावी. पूर्ण कुटुंब आणि सामान असताना त्याच पट्टीवरचा वेगळा, वरचा आकडा लागू होतो.

पहिल्या सर्व्हिसिंगला ऑइल बदलले किंवा नुसते भरले, तर बिलावर त्याचा दर्जा स्पष्ट लिहून घ्यावा. डीपीएफ असलेल्या इंजिनाला कमी राख सोडणारेच ऑइल लागते, कारण काजळी जळून जाते पण ऑइलची राख जळत नाही आणि फिल्टरमध्ये कायमची राहते. पुस्तिकेत दिलेला दर्जा आणि बिलावरचा दर्जा अक्षरशः जुळत नसेल, तर गाडी ताब्यात घेण्यापूर्वी तिथेच विचारावे.